हळदीचं पेटंट नेमकं कुठं चालत होतं?

मंडळी, परवा तो जुना मेसेज पुन्हा फिरत आला. 'अमेरिकेनं आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी ते परत आणलं.' यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात आपल्या भागाच्या कामाचं बरंच काही आहे, म्हणून लिहितोय.

आपल्या कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि पुढं सांगलीला जातं. सांगली म्हणजे हळदीची पेठ. शेजारच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी रीत. 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट दिलं, क्रमांक 5401504. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे, हे मेसेजमध्ये कधी नसतं! पेटंट हळदीच्या पिकावर नव्हतं, मसाल्यावरही नव्हतं. हळद देऊन जखम बरी करायच्या पद्धतीवर होतं. म्हणजे सांगलीचा व्यापारी न्यूयॉर्कला मसाल्याची हळद पाठवत असेल तर त्याला काही अडचण नव्हती. तीच पूड जखमेचं औषध म्हणून तिथं विकायला गेला असता, तर मात्र कोर्टाची नोटीस येऊ शकली असती. आणि कराडात बनवून कराडातच विकली असती तर? काहीच झालं नसतं. पेटंट ज्या देशानं दिलं त्याच देशाच्या हद्दीत चालतं. सगळ्या जगात चालणारं एकच पेटंट अशी चीजच नाही.

पण गंमत अशी की हक्काला जशी हद्द होती, तशी पुराव्यालाही होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात 'ही गोष्ट आधीपासून माहीत आहे' असं दाखवायचं, तर परदेशातला नुसता वापर धरत नसत. तिथला छापील मजकूर किंवा पेटंट लागे. आपल्या आजीनं चुलीपाशी बोट कापल्यावर हळद दाबली, तिच्या आजीनंही तेच केलं, हे सगळं कायद्याच्या दृष्टीनं शून्य. तिनं ते अमेरिकेत केलं असतं तर धरलं असतं!

म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं 1996 मध्ये फेरतपासणी मागितली, ती कागद घेऊनच. संस्कृत, उर्दू, हिंदीतले मिळून 32 संदर्भ, काही शंभर वर्षांहून जुने. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट कार्यालयानं सगळे दावे फेटाळले. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यांचं कौतुक आहेच. माझ्या मते खरा मान मात्र तो 1953 चा लेख लिहून छापणाऱ्यांचा. अमेरिकेनं तो विचित्र नियम 2011 च्या कायद्यानं बदलला, लागू झाला 2013 मध्ये.

आता आपल्याकडचं बघा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मिळालं. तेही भारतापुरतंच. बाहेर ते नाव जपायचं तर त्या त्या देशात वेगळी नोंदणी लागते. एमआयडीसीत यंत्राचा सुटा भाग बनवून जर्मनीला पाठवणाऱ्या आपल्या पोरांनीही हे लक्षात ठेवावं: इथं कुणाचं पेटंट नाही म्हणून तिथं नसेलच असं नाही. माल जिथं विकायचा तिथलं आधी तपासा. स्वतःचा शोध असेल तर भारतात अर्ज केल्यापासून 12 महिन्यांत बाहेरच्या देशांसाठी अर्ज करावा लागतो, तरच पहिली तारीख धरतात. आणि अर्जाआधी यूट्यूबवर टाकू नका, तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

जाता जाता एक विनंती. हरिपूरची पेवं कशी खणायची, तळाला काय अंथरायचं, तोंड कसं लिंपायचं, यावर जुनं छापील काही कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. पुस्तकाचं पहिलं पान आणि साल दिसू द्या.