काजळीची कुळकथा

अंबड-बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागांत ठिबकची काळी नळी वर्षानुवर्षं उन्हात पडून असते, तरी तडकत नाही, ते तिच्यातल्या काजळीमुळे. शंभर किलो प्लास्टिकला अडीच किलोच्या आसपास काजळी. ऊन तीच पिऊन टाकते. अशा नळीच्या तुकड्याला मी मल्टीमीटरच्या पिना लावल्या. काटा ढिम्म. मग टीव्हीचा जुना रिमोट खोलला. बटणांच्या रबरी पत्र्याखाली मसुराएवढ्या काळ्या टिकल्या असतात. एकीला पिना टेकवताच काटा सरकन पुढे गेला. काळेपण दोन्हीकडे काजळीचंच!

या टिकलीचं कूळ शोधत मागे गेलं की एडिसन भेटतो. 1877 साली टेलिफोनमधला आवाज स्पष्ट यावा म्हणून तो नाना पदार्थ तपासत होता. कामी आली ती रॉकेलच्या दिव्याची काजळी. ती दाबून त्याने बटणाएवढी वडी केली. आवाजाच्या दाबाने वडी आवळली की वीज जास्त, सैल पडली की कमी.

रबरात काजळी गेली ती मात्र टायर टिकावेत म्हणून. त्याआधीचे टायर फिक्या रंगाचे असत. विजेसाठी असं रबर लागलं ऑपरेशन थिएटरमध्ये. ईथर, सायक्लोप्रोपेन ही भुलीची द्रव्यं पेट घेणारी. रबरी नळीवर साठलेल्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरे. भूल दिलेल्या माणसाच्या तोंडाशीच स्फोट झालेले आहेत. म्हणून नळ्या, ट्रॉलीची चाकं, बुटांचे तळ यांच्या रबरात भरपूर काजळी घालू लागले, म्हणजे वीज साठण्याआधीच जमिनीत उतरावी. या कुळातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच पिढी.

पण भरपूर म्हणजे किती? काजळी थोडी थोडी वाढवत गेलं तर बराच वेळ काहीच होत नाही. मग एका टप्प्यावर चिमूटभर भर पडते आणि विजेचा अडथळा लाखो पटींनी कोसळतो. विहिरीपासून घरापर्यंत घागर हातोहात न्यायची आहे असं समजा. माणसं विखरून उभी असतील तर पाणी पोचत नाही. रांगेतली शेवटची फट बुजली की पोचतं. ठिबकच्या नळीत दाणे विखुरलेले आहेत, टिकलीत रांग लागली आहे. याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी 1957 साली मांडलं. त्यांच्यापुढचा प्रश्न विजेचा नव्हताच. वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यातल्या कोळशाच्या छिद्रांतून वायू कुठवर झिरपेल, हा होता.

एडिसनच्या वडीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, स्वतःच वीज वाहून नेणारं प्लास्टिक सिद्ध झालं. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांना त्याबद्दल 2000 सालचं नोबेल मिळालं. रोजच्या वस्तूंत मात्र स्वस्त काजळीच टिकून आहे.

रांग तुटते, त्याचाही उपयोग होतो. पॉलिथिनमध्ये काजळी कालवून केलेला फ्यूज असतो. प्रवाह बेसुमार वाढला की तो तापतो, आतलं पॉलिथिन वितळून फुगतं, दाण्यांचे हात सुटतात आणि वीज अडते. वीज बंद करून तो निवू दिला की दाणे पुन्हा हात धरतात. तार बांधावी लागत नाही.