पाहिलेला दुष्काळ, ऐकलेला दुष्काळ



गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही पारोळा तालुक्यातल्या बचत गटांत १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतोय. हप्ते जमा झाले की दुसरी वही उघडायची आणि ज्यांना आठवतं त्यांनी सांगायचं.

एका मावशींनी फार जिवंत सांगितलं. पाझर तलावाचं काम, डोक्यावर मातीचं घमेलं घेतलेली आई, हातावर मिळालेली सुकडी, रेशनवरच्या मिलोची लालसर भाकरी. ऐकताना आमचे डोळे भरले. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण म्हणाली, "अगं, तू कुठे होतीस तेव्हा? दुष्काळात तर आपला भाऊ झाला. तू त्याच्या पाठची!"

मावशी गप्प झाल्या. मग रागावल्या. "म्हणजे मी खोटं बोलते का?"

खोटं त्या बोलत नव्हत्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, त्यांची आई त्यातलीच. ती रात्री अंथरुणावर तेच सांगायची. लेकीने ते मनात रंगवलं, आणि पुढे ते डोळ्यांनी पाहिल्यासारखंच झालं.

हे जगभर होतं. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी २४ माणसांना लहानपणचे चार प्रसंग दिले. तीन खरे, घरच्यांनी सांगितलेले. चौथा, बाजारात हरवल्याचा, बनवलेला. १९९५ मध्ये त्यांनी निकाल छापला : साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना तो न घडलेला प्रसंगही थोडाफार 'आठवला'.

कागदावर विसंबावं, तर तोही पक्का नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकलेली. म्हणून आम्ही आता साल विचारतच नाही. तेव्हा कडेवर कोण होतं, पाठचं कोण झालं होतं, हे विचारतो. बाईचा हिशोब तिथे सहसा चुकत नाही.

मावशींचं सांगणं आम्ही खोडलं नाही. समोर लिहिलं, 'आईकडून ऐकलेलं.' त्यांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आईचं नाव पण लिही." लिहिलं.

पुढच्या बैठकीत खडी फोडायला गेलेल्या बायांचं लिहायचं आहे. घरात त्या वेळची थोरली बहीण, जाऊ, नणंद असेल तर तिलाही सोबत आणा.