पांढऱ्या फिलिंगचा खरा जोड

किडलेल्या दातात भरायच्या चांदीची जागा दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटने घेतली, त्याचे श्रेय सहसा नव्या पदार्थाला दिले जाते. इतिहास पाहता ते आधी दात आणि फिलिंग यांच्यातल्या जोडाला द्यायला हवे. चांदी म्हणजे पाऱ्यात कालवलेला मिश्रधातू. तो दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसतो. त्या अडकण्यासाठी चांगला दातही कोरावा लागे. 1940च्या दशकात अ‍ॅक्रिलिकची फिलिंग आली. रंग जुळला, पण ती घट्ट होताना आकसत आणि कडेच्या फटीतून कीड पुन्हा आत शिरे. उपाय वेगळ्याच क्षेत्रातून आला: धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. 1955 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी तेच आम्ल दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, इनॅमलवर, अर्धा मिनिट लावले. इनॅमल सूक्ष्म खडबडीत झाले आणि अ‍ॅक्रिलिक त्याला घट्ट धरून राहिले. राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए रेझिनमध्ये सिलिकाची पूड बांधून कमी आकसणारे मिश्रण, म्हणजेच कॉम्पोझिट, तयार केले, त्याचे पेटंट 1962चे, म्हणजे या जोडानंतरचे.

यावर कोणी म्हणेल, जोड एवढा महत्त्वाचा होता तर कॉम्पोझिट दाढांत टिकायला आणखी काही दशके का लागली? आक्षेप रास्त आहे. सुरुवातीचे कॉम्पोझिट चावण्याने झिजत असे, आणि पूड बारीक होत गेली तशी ती झीज आटोक्यात आली; हे यश निखळ पदार्थाचेच. पण झीज थांबल्यावर जे अपयश उरले ते पुन्हा कडेलाच. लिस्बनच्या शाळकरी मुलांवरील चाचणीचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे कॉम्पोझिटच्या विरोधात नेहमी दाखवले जातात: सात वर्षांनी चांदीची 94.4 टक्के फिलिंग टिकली, कॉम्पोझिटची 85.5 टक्के. मात्र कॉम्पोझिट निकामी होण्याचे मुख्य कारण फिलिंगलगत पुन्हा लागलेली कीड हे होते आणि तिचा धोका चांदीच्या साडेतीनपट निघाला. चांदी गंजते तेव्हा तो गंजच कडेची फट हळूहळू बुजवतो. कॉम्पोझिटमधल्या रेझिनला असा दुसरा आधार नाही. त्यातून इनॅमलखालचे डेंटिन मुळातच ओलसर, आणि जोड पक्का होण्याआधी लाळ लागली की तो कच्चाच राहतो. नेदरलँड्समधल्या बारा वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष 2010 मध्ये आला, तोही हेच सांगतो. किडीचा धोका कमी असलेल्यांत कॉम्पोझिट सरस ठरले, धोका जास्त असलेल्यांत चांदी.

चांदीतल्या पाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा: पाऱ्याचा वापर आणि उत्सर्जन घटवण्याचा मिनामाता करार 2013चा. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, चांदी भरणे बंद केले. पर्यावरणासाठी निर्णय योग्यच आहे. पण ज्या मुलांच्या तोंडात कीड थांबत नाही, त्यांच्यासाठी तो केवळ पदार्थाची अदलाबदल ठरू नये: दाताभोवती रबराचा पातळ पडदा (रबर डॅम) लावून दात कोरडा ठेवण्याइतका वेळ आणि त्या वेळेचा मोबदला दवाखान्याला मिळाला पाहिजे.