‘व्हर्बिना’ आणि घाणेरी : दोन नावांची कुळकथा

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले; आणि त्यानंतर पिंपरी-चिंचवड व भोसरीची, पुढे चाकणचीही, शेतजमीन क्रमाने कारखान्यांखाली गेली. टेल्कोच्या आवारात सुमंत मुळगावकर यांच्या पुढाकाराने वृक्ष लावले गेले व तळे निर्माण झाले, हे सर्वश्रुतच आहे. कारखान्यांच्या मागोमाग उद्यानसंस्कृतीही या परिसरात रुजली. अशा उद्यानांच्या वाफ्यांत हिवाळ्यात लावल्या जाणाऱ्या हंगामी फुलझाडांपैकी व्हर्बिना हे एक होय.

हे नाव मराठीत लिहिताना ‘व्ह’ योजावा लागतो. हिंदीत साध्या ‘व’ने भागते. मराठी ‘व’ घर्षणरहित असल्यामुळे इंग्रजीतील दंतोष्ठ्य घर्षकासाठी ‘व्हावे’, ‘जेव्हा’ यांतील घरचाच संयोग मराठीने कामी लावला. कारखान्यातील व्हॉल्व्ह व व्हर्निअर आणि फाटकाजवळची व्हर्बिना ही या दृष्टीने एकाच टाकसाळीतील नाणी ठरतात.

मूळ लॅटिनमध्ये मात्र ‘व्हर्बिना’ हे कोणा एका झाडाचे नाव नव्हते. लॉरेल, ऑलिव्ह, मर्टल इत्यादींच्या ज्या डहाळ्या वेदीवर वाहिल्या जात, त्या सर्वांना मिळून हा शब्द लावीत. रोमन पुरोहित तह करावयास जाताना गडावरील पवित्र गवत उपटून नेत. त्यासही हेच नाव होते. मराठीत यास नेमका प्रतिशब्द शोधावयाचा झाल्यास तो ‘पत्री’ हाच होय. पुढे हा शब्द एका युरोपीय औषधी वनस्पतीपुरता संकोचला, आणि लिनीयसने १७५३ साली तो प्रजातिनाम म्हणून स्थिर केला. दक्षिण अमेरिकेतील तांबडी-जांभळी फुले १९व्या शतकात युरोपच्या बागांत आली, तेव्हा हे नाव त्यांस आयतेच चिकटले. आता वनस्पतिशास्त्रज्ञ यांतील बहुतेकांची गणना ‘ग्लँड्युलॅरिया’ या वेगळ्या प्रजातीत करतात. रोपवाटिकांनी त्याची दखल घेतलेली नाही. मोरया गोसावींच्या चिंचवडात भाद्रपदात गणपतीला पत्री वाहतात. पत्रीचेच नाव धारण करणाऱ्या या फुलाला त्या तबकात स्थान नाही.

याच कुलातील दुसरी अमेरिकन वनस्पती, लँटाना, हिचे भाग्य निराळे. १९व्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली ही झुडुपे कुंपण ओलांडून देशभर पसरली. मराठीने तिला ‘घाणेरी’ म्हटले, ‘टणटणी’ही म्हटले. पाला चुरगळताच येणारा उग्र दर्प ज्याच्या हाताला लागला, त्यानेच पहिले नाव ठेवले असले पाहिजे. झेंडूही अमेरिकेचाच, पण तो तोरणात गेला आणि मराठी झाला. म्हणजे नाव मिळण्यास पूज्यता अपरिहार्य नाही; उपद्रवही पुरतो. व्हर्बिना पूजेतही नाही आणि बांधावरही नाही. तिचे बी पाकिटातून येते आणि नाव त्या पाकिटावर छापलेले असते. माळ्याला ते नव्याने ठेवण्याचे कारणच पडत नाही.