दुसऱ्याच्या नदीत टाकलेलं जाळं

मध्यंतरी नातीचा फोन आला. शाळेत काहीतरी प्रकल्प होता. "आजी, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा आणि तिथल्या आदिवासींचा लढा एकच ना गं?" मी पटकन "हो" म्हणून मोकळी झाले. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी अशी घाईची उत्तरं तोंडातून जातातच! रात्री मात्र झोप लागेना. उत्तर चुकलं होतं.

गोष्ट आहे अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातली. (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, हे वर्गात दरवर्षी सांगावं लागे.) १८५४ साली मेडिसिन क्रीकच्या तहात निस्क्वाली, पुयालप वगैरे जमातींनी आपली बहुतेक जमीन सरकारला देऊन टाकली. पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. सॅमन मासा म्हणजे त्यांचं अन्न, व्यापार, सण, सगळंच. पुढे राज्य सरकारने त्याच मासेमारीला गुन्हा ठरवलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक १९४५ साली पहिल्यांदा पकडले गेले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. नंतर पन्नासहून अधिक वेळा त्यांना अटक झाली.

१९६० च्या सुमारास दक्षिणेत कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन नुसते बसून राहत. त्याला 'सिट-इन' म्हणत. त्यावरून इकडे 'फिश-इन' आलं. बंदी असलेल्या नदीत उघडपणे जाळं टाकायचं आणि अटक करून घ्यायची. आपल्या शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवावा, तसंच!

१९६६ साली या नदीवर डिक ग्रेगरी आला. हा गाजलेला कृष्णवर्णीय विनोदी कलाकार. त्यानेही जाळं टाकलं. त्याबद्दल १९६८ मध्ये ऑलिंपियाच्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि तिथे उपोषण केलं. या मच्छीमारांची बाजू कोर्टात मांडणाऱ्यांत जॅक टॅनर होते, टाकोमा गावचे कृष्णवर्णीय वकील.

आता माझं उत्तर कुठे चुकलं ते पाहा. कृष्णवर्णीय म्हणत होते, आम्हाला इतरांसारखं वागवा, कायदा सर्वांना सारखा असू द्या. आदिवासी म्हणत होते, आम्हाला इतरांत मिसळून टाकू नका, आमच्याशी तह केलात तो पाळा. मागण्या जवळजवळ उलट्या! त्यांना विरोध करणारे तर म्हणत, एकाच समाजाला वेगळा हक्क कसा? म्हणजे समानतेच्या ज्या शब्दासाठी कृष्णवर्णीयांनी मार खाल्ला, तोच शब्द आदिवासींवर उगारला जात होता. आदिवासींच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेनेही नागरी हक्क चळवळीपासून अंतर राखलं होतं. आपला प्रश्न त्यांच्या प्रश्नात हरवेल ही भीती काही खोटी नव्हती.

तरीही १९६८ च्या मे महिन्यात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर महिना-दीड महिन्यातच, त्यांनी आखलेली गरिबांची मोहीम राजधानीत आली आणि आदिवासीही तीत उतरले. २७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुयालप मासेमारीच्या खटल्यात निराश करणारा निकाल दिला. दोनच दिवसांनी आदिवासींबरोबर कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे लोकही न्यायालयाच्या दारात निषेधाला उभे होते. पुढे १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की तहानुसार निम्म्यापर्यंत मासे धरण्याचा हक्क आदिवासींचा आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मूलतः कायम केला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चेरोकी आणि आणखी काही जमातींनी स्वतः कृष्णवर्णीय गुलाम बाळगले होते. १८६६ च्या तहात चेरोकींनी त्या मुक्त गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना आपल्यातले मानण्याचं कबूल केलं. तरी २००७ साली मतदान घेऊन त्यांना वगळायचं ठरवलं! २०१७ मध्ये न्यायालयाने तो तहच पुढे करून त्यांचा हक्क मान्य केला. 'तह पाळा' हे वाक्य आदिवासींनाही ऐकावं लागलं.

सकाळी नातीला फोन करून उत्तर दुरुस्त केलं. ती म्हणाली, "पण आजी, प्रश्न वेगळा होता तर तो ग्रेगरी तुरुंगात का गेला?"

मला एकदम आमची स्टाफरूम आठवली. शाळेतल्या शिपायांचा पगार कितीतरी महिने थकला होता. त्यांच्यातला एकजण अर्ज घेऊन आला. "बाई, सही करता का?" आम्ही सगळे म्हणालो, "अहो, तुमचा प्रश्न वेगळा, आमचा वेगळा." ते खरंच होतं. आमचे पगार वेळेवर होत होते. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तासाची घंटा द्यायला निघून गेला.

नातीला हे काही सांगितलं नाही. इथे सांगतेय. वाचेल कधीतरी.