कन्सोल व क्रीडासंगणक

दूरचित्रवाणी संचाला जोडून किंवा हातात धरून केवळ व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनविलेल्या बंदिस्त यंत्रास कन्सोल म्हणतात. इतर कामांबरोबरच खेळही चालविणाऱ्या सर्वसाधारण संगणकास, त्यात प्रभावी चित्रप्रक्रियक बसविलेला असल्यास, क्रीडासंगणक म्हणता येईल. कन्सोलच्या बाबतीत यंत्र, त्याची कार्यप्रणाली आणि खेळांची विक्री या तिन्हींवर एकाच उत्पादकाचे नियंत्रण असते. संगणकाच्या बाबतीत हे घटक बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात. कन्सोलप्रमाणे वापरता येणाऱ्या संगणकांमुळे या दोहोंतील सीमारेषा अलीकडे पुसट झाली असली, तरी त्यांच्यातील स्पर्धा जवळजवळ अर्धशतकाची आहे.

पूर्वेतिहास : राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेले ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ (१९७२) हे घरगुती वापराचे पहिले कन्सोल. त्यात ध्वनीची सोय नव्हती व रंगीत पार्श्वभूमीसाठी पडद्यावर पारदर्शक तावच लावावे लागत. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजची पद्धत ‘अटारी’ कंपनीच्या यंत्रामुळे (१९७७) लोकप्रिय झाली. कमोडोर ६४ व झेडएक्स स्पेक्ट्रम हे स्वस्त घरगुती संगणक १९८२ मध्ये बाजारात आले. अभ्यास व खेळ या दोहोंसाठी एकच यंत्र पुरत असेल, तर निव्वळ खेळाचे यंत्र कशाला घ्यावे, असा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. ही स्पर्धा आणि निकृष्ट खेळांचा सुळसुळाट यांमुळे १९८३ मध्ये अमेरिकेतील कन्सोलचा बाजार कोसळला.

त्यास जपानच्या निन्टेन्डो कंपनीने उत्तर दिले. तिचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानात आले. १९८५ मध्ये निघालेल्या त्याच्या अमेरिकी आवृत्तीत परवाना नसलेले कार्ट्रिज रोखणारी चकती बसविलेली होती. कोणता खेळ यंत्रावर चालावा हे उत्पादकाने ठरवावयाचे व प्रत्येक खेळामागे हक्कशुल्क घ्यावयाचे, ही व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली. या उत्पन्नाच्या भरवशावर यंत्र कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही, विकता येते. कन्सोलच्या स्वस्ताईचे मूळ या व्यवस्थेत आहे.

संगणकाला कन्सोलचे रूप देण्याचे प्रयत्न : कमोडोरचे ‘अमिगा सीडी ३२’ (१९९३) आणि ॲपलच्या रचनेवर बांडाई कंपनीने काढलेले ‘पिपिन’ (१९९६) हे आरंभीचे प्रयत्न फसले, कारण त्यांच्यासाठी लिहिलेले खेळ फार थोडे होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’मध्ये (२००१) इंटेलचा प्रक्रियक व हार्ड डिस्क असे वैयक्तिक संगणकाचेच घटक होते; मात्र ते बंदिस्त पेटीत घालून त्यावर कन्सोलची विक्रीपद्धती लादली होती. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत संगणकाच्याच जातीचे एएमडी प्रक्रियक वापरले गेले. परिणामतः यंत्ररचनेतील भेद जवळजवळ संपला आणि भेद उरला तो व्यापारी बंधनांचा.

‘स्टीम’ हे खेळविक्रीचे दालन २००३ मध्ये सुरू करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने लिनक्सवर आधारित ‘स्टीम मशीन’ २०१५ मध्ये पुढे आणले. विंडोजसाठी लिहिलेले बहुसंख्य खेळ त्यावर चालत नसल्याने ते अयशस्वी ठरले. हे खेळ लिनक्सवर चालविणारा ‘प्रोटॉन’ हा दुवा २०१८ मध्ये तयार झाल्यावर परिस्थिती पालटली. हातात धरावयाचा ‘स्टीम डेक’ २०२२ मध्ये ३९९ डॉलर या आरंभीच्या किंमतीस निघाला. त्यामागोमाग असूस व लेनोव्हो यांची यंत्रे २०२३ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये असूसच्या सहकार्याने एक्सबॉक्सचे नाव धारण करणारा हातातील संगणक विक्रीस आणला, तर व्हॉल्व्हने पुढच्याच महिन्यात नवे स्टीम मशीन जाहीर केले.

भारत व महाराष्ट्र : भारतात १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या धर्तीची ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ यांसारखी यंत्रे घरोघरी पोहोचली. पुढे सायबर कॅफेंतील संगणकांवर खेळणारी पिढी आली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्याने मोबाइल फोन हेच बहुसंख्यांचे क्रीडायंत्र झाले. निर्मितीच्या बाजूने पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ उल्लेखनीय आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडूनही तो पुरा झाला व ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवर प्रकाशित झाला. छोट्या निर्मात्याला कन्सोलवर प्रतिष्ठा व संगणकावर खुला बाजार मिळतो, हे त्यावरून दिसते.

मूल्यमापन : स्टीम डेकसारख्या कन्सोलवजा संगणकांच्या तुलनेत विक्रीच्या संख्येत कन्सोलचे वर्चस्व अबाधित आहे. प्लेस्टेशन २ ची विक्री सु. १६ कोटी, तर निन्टेन्डो स्विचची १५ कोटींहून अधिक झाली. स्टीम डेकची विक्री काही दशलक्षांच्या घरात आहे. सुलभता, एकाच यंत्रासाठी घोटून बसविलेले खेळ आणि निन्टेन्डोचे इतरत्र न मिळणारे खेळ ही कन्सोलची बलस्थाने होत. जुन्या खेळांचा प्रचंड संग्रह, खेळांच्या किंमतींतील सवलती व दुसरी कार्यप्रणाली घालण्याची मोकळीक ही संगणकाची. २०२० पासून सोनीनेही आपले काही मोठे खेळ संगणकासाठी खुले केल्याने कन्सोलचा एक जुना आधार सैल झाला आहे. तथापि संगणकाचा खुलेपणाही पूर्ण नाही : स्टीमवर विकत घेतला जातो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार सु. चार-पंचमांश लोकवस्ती ग्रामीण होती, या तुलनेचे स्वरूपच निराळे होते. तेथील मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला खेळासाठी वेगळे यंत्र घेणे सहसा परवडत नाही. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी लागणारा संगणकच खेळालाही उपयोगी पडतो. त्याच संगणकावर खेळ लिहिताही येतो; कन्सोलवर तो, उत्पादकाच्या अनुमतीवाचून, केवळ खेळता येतो. १९८३ मधील प्रश्न अशा रीतीने येथे नव्याने उपस्थित होतो. संगणक कन्सोलची जागा घेईल काय, यापेक्षा खेळणाऱ्याला निर्माता होण्याची वाट कोणते यंत्र मोकळी ठेवते, हा निकष अशा प्रदेशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.