वही भिजते, मोबाईल बंद पडतो. मग शेताच्या, दुधाच्या, उधारीच्या नोंदी ठेवायच्या कुठं?

महाड/पोलादपूर : लावणीला किती मजूर आले, कोणाचा किती रोज द्यायचा राहिला, खताच्या पिशव्या कुठून आणल्या, गाय कधी भरवली, गटाचा हप्ता कोणी भरला. शेतकऱ्याच्या घरात अशा नोंदी कायम असतात. पूर्वी त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दाराच्या फळीवर खडूनं नाहीतर पोराच्या जुन्या वहीत लिहिल्या जायच्या. आता बऱ्याच जणांनी त्या मोबाईलमध्ये लिहायला सुरुवात केली आहे. त्यासाठीची ॲप्स फुकट मिळतात, वापरायलाही अवघड नाहीत. तरीही चार-सहा महिन्यांत अनेकजण पुन्हा वहीकडे वळतात. त्याची कारणं समजून घेतली तर निम्मा त्रास वाचेल.

वहीचा धोका महाडकरांना नव्यानं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं आणि बाजारपेठेचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. माणसं गेली तिथं कागदाचं दुःख कोण करणार? पण मागं राहिलेल्यांना पुढं पंचनामा, बँक, विमा, वारसनोंद अशा प्रत्येक ठिकाणी कागदच मागितला जातो. दुकानदारांच्या उधारीच्या वह्या चिखलात गेल्या की येणं किती होतं हे फक्त आठवणीवर राहतं.

म्हणजे सगळं मोबाईलवर टाकलं की सुटलो, असं मात्र नाही. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतो, फोन पाण्यात जातो. फोनमध्ये लिहिलेलं फक्त त्याच फोनमध्ये आहे की बाहेर कुठं त्याची प्रत आहे, हा खरा प्रश्न आहे.

नोंद नेमकी राहते कुठं?

फोनसोबत कंपनीचं एक नोट्स ॲप येतं. त्यात लिहिलेलं बरेचदा फोनमध्येच राहतं. सिंक किंवा बॅकअप चालू केला नसेल तर फोन फुटला की नोंदही गेली. गूगल कीप हे २०१३ पासूनचं ॲप वेगळं चालतं. रेंज नसली तरी त्यात लिहिता येतं आणि रेंजमध्ये आलं की नोंद आपोआप गूगल खात्यावर चढते. घाटाखालच्या वाड्यांसाठी ही मोठी सोय आहे. वाडीवर लिहायचं, पोलादपूरच्या बाजारात आलं की नोंद वर गेलेली असते. पुढं दुसऱ्या फोनवर त्याच खात्यानं उघडलं की सगळं परत दिसतं.

पण घोटाळा होतो तो याच खात्यात. नवा फोन घेतला की दुकानातला पोरगा दोन मिनिटांत गूगल खातं उघडून देतो. पासवर्ड त्यानं ठरवलेला, तो कुठं लिहिलेला नाही. कधी तर रिकव्हरीचा नंबरही दुकानाचाच असतो. फोन चालतोय तोवर काही कळत नाही. फोन बिघडल्यावर नवीन फोनवर पासवर्ड मागितला की मग शोधाशोध. खातं दुसऱ्याच्या नंबरावर असेल तर तीन वर्षांच्या नोंदी गूगलकडं सुखरूप असूनही आपल्या हाती येत नाहीत. म्हणून कुठलं ॲप चांगलं हे विचारण्याआधी आपलं खातं कोणतं, रिकव्हरीला नंबर कोणाचा आणि पासवर्ड माहीत आहे का, हे आजच तपासावं. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या ट्रंकेत ठेवला तर कोणी हसणार नाही. दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हा नियमही आता आहे. मुंबईच्या पोराच्या नावानं उघडून विसरलेल्या खात्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त तीच चालते. पावतीचा फोटो काढला, टाकला, झालं. घाईत याच्याइतकं सोपं काही नाही. पण ते गाठोडं आहे. खताची पावती, लग्नाची पत्रिका आणि देवळाच्या वर्गणीची यादी एकाखाली एक. सहा महिन्यांनी शोधताना बोट दुखतं. त्यात फोन भरला म्हणून फोटो साफ केले की जुनी पावतीही जाते.

शोधलं तर सापडत नाही, कारण...

ॲपचा खरा फायदा शोधण्यात आहे. वहीची शंभर पानं उलटावी लागतात, इथं एक शब्द टाकला की नोंद पुढ्यात. पण एकदा ‘दूध’ लिहिलं आणि एकदा ‘दुध’, तर यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरात लिहिलं तरी तेच. आकड्यांचंही तसंच. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक नोंदीचं पहिलं नाव ठरवून टाकायचं. ‘खरीप २०२५ मजुरी’, ‘खरीप २०२५ खत’. नंतर आत कसंही लिहा.

मराठीत बोलून लिहायची सोय गूगलनं २०१७ मध्ये दिली. चिखलाच्या हातानं टाईप करण्यापेक्षा ती बरीच. मात्र वरी, राब, पडकई असे आपले शब्द ते वेगळेच लिहू शकतं, म्हणून एकदा वाचून घ्यावं. रकमेच्या बाबतीत तर नक्कीच.

जनावरांसाठी आठवणीची घंटा फार उपयोगी पडते. गाय किंवा म्हैस भरवली त्या दिवशी तारीख लिहायची आणि २१ दिवसांनंतरची आठवण लावायची. पुन्हा माजावर आली का ते बघता येतं. गाय साधारण २८० दिवसांनी आणि म्हैस ३१० दिवसांच्या आसपास विते. त्याच्या आठवडाभर आधी फोन वाजला तर वाड्यावर लक्ष राहतं. हे काम वही करू शकत नाही.

दुसरीकडं, फुकटचं ॲप कायम फुकट राहीलच असं नाही. एव्हरनोट हे एकेकाळी जगभर गाजलेलं ॲप. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या फुकट वापराला ५० नोंदींची मर्यादा लागली. गूगलनंही स्वतःचं नोटबुक नावाचं जुनं काम २०१२ मध्ये बंद केलं होतं. म्हणून वर्षातून एकदा, भात झोडून झाल्यावर, महत्त्वाच्या नोंदींची छापील प्रत काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. शिवथरघळीत रामदासांनी सांगितलं आणि कल्याण स्वामींनी लिहून घेतलं अशी ज्या दासबोधाची परंपरा आपल्याकडं आहे, त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहिण्यावरच आहे. त्यात अक्षराबरोबर पोथी बासनात, पेटीत कशी ठेवावी हेही येतं. सांभाळण्याची काळजी जुनीच आहे.

सही लागते तिथं वहीच

बचत गटाचं रजिस्टर आणि ठरावाची वही ॲपवर नेऊ नये. वहीत सह्या असतात. कीपमधली नोंद दोघा-चौघांत वाटून घेता येते, पण वाटून घेतलेल्या प्रत्येकाला ती बदलता येते आणि आकडा कोणी बदलला हे सहज कळत नाही. भांडण लागायला तेवढं पुरतं. गटानं वहीच ठेवावी, बैठक संपली की पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद चालते, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. उधारीच्या आकड्यासमोर घेणाऱ्याची सही असलेलं पान त्यापेक्षा सोपं पडतं.

ई-पीक पाहणी ही १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली नोंद या सगळ्यापासून वेगळी. ती सरकारी आहे, सातबाऱ्यावर पीक लागण्यासाठी आहे. आपल्या ॲपमध्ये ‘भात लावला’ लिहिलं म्हणून ती होत नाही. तीही शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये, सर्व्हरवर गर्दी होते. बांधावर रेंज नसेल तर तिथं फोटो काढून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येतो.

आधार नंबर, बँकेचा पिन, ओटीपी यातलं काहीही नोट्समध्ये लिहू नये. कीपला नोंदीपुरतं वेगळं कुलूप नाही, फोन उघडला की सगळं उघडं. आणि घरचा फोन दिवसभर पोरांच्या हातात असतो. चुकून एखादी नोंद उडालीच तर घाबरू नये. कीपमधली काढलेली नोंद ७ दिवस कचऱ्याच्या डब्यात राहते, तोवर ती परत घेता येते.